आचार्यपरीक्षा

ज्ञानव्यवहारात एक पेच असा आहे की ज्याला गुरूची पारख करता येते त्याला गुरूची फारशी गरज उरलेली नसते, आणि ज्याला गुरूची खरोखर गरज असते त्याच्याजवळ ती पारख करण्याचे साधन नसते. आयुर्वेदापासून वेदान्तापर्यंत आणि अथेन्सपासून कोसलापर्यंत ज्या ज्या परंपरांनी अध्ययनाचा गांभीर्याने विचार केला, त्या सर्वांना हा पेच कुठे ना कुठे आडवा आला आहे. आजच्या काळात तो सर्वांत उघडपणे दिसतो तो पीएचडीच्या प्रवेशाच्या वेळी. पदव्युत्तर शिक्षण नुकतेच संपवलेला, एखाद्या विषयाने झपाटलेला पण त्या विषयाची खोली अजून न समजलेला उमेदवार प्रवेशपरीक्षा देतो, मुलाखतीला सामोरा जातो, आणि पुढची किमान तीन व कमाल सहा वर्षे ज्याच्या सहीवाचून त्याचे पाऊल पुढे पडणार नाही, असा मार्गदर्शक काही दिवसांत निवडतो किंवा त्याला तो नेमून दिला जातो. या निवडीकडे सामान्यतः सोयीचा, फार तर कारकिर्दीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि काही अंशी धर्माचाही. ज्ञान होण्यापूर्वी ठेवलेली श्रद्धा कोणत्या आधारावर योग्य ठरते, असा तो प्रश्न आहे.

प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात हा पेच जवळपास याच रूपात मांडला गेला आहे. हिपोक्रेटिस नावाचा एक तरुण (प्रसिद्ध वैद्य हिपोक्रेटिस तो हा नव्हे) पुरते उजाडण्यापूर्वीच सॉक्रेटिसच्या दारावर काठी बडवतो, कारण प्रोटागोरस हा नामांकित सोफिस्ट, म्हणजे शुल्क घेऊन विद्या शिकवणारा फिरता आचार्य, अथेन्समध्ये आला आहे आणि त्याचे शिष्यत्व मिळावे म्हणून सॉक्रेटिसने रदबदली करावी अशी त्याची इच्छा आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो की वैद्याकडे शिकणारा वैद्य होतो, शिल्पकाराकडे शिकणारा शिल्पकार होतो, तर प्रोटागोरसकडे शिकून तू कोण होणार? तरुणाला उत्तर देताना लाज वाटते, आणि एव्हाना थोडे उजाडलेले असल्यामुळे ती त्याच्या चेहऱ्यावर दिसतेही. त्यानंतर सॉक्रेटिस जो भेद सांगतो तो महत्त्वाचा आहे. बाजारातून आणलेले धान्य भांड्यात घालून घरी नेता येते आणि खाण्यापूर्वी एखाद्या जाणत्याला दाखवता येते. विद्येसाठी मात्र असे भांडे नाही, कारण ती घेतली जाते त्याच क्षणी घेणाऱ्याच्या अंतःकरणात उतरलेली असते, आणि तिने हित केले की अहित, हे कळेपर्यंत माणूस बदललेला असतो. थोडक्यात, शिकल्यावर जो परीक्षा करतो तो शिकण्यापूर्वीचा माणूस राहिलेलाच नसतो. सॉक्रेटिस पेच अचूक दाखवतो, पण तो सोडवण्याची रीत सांगत नाही. तो त्या तरुणाला घेऊन प्रोटागोरसशी वाद करायला जातो, आणि तरुणाच्या शिष्यत्वाचे शेवटी काय झाले हे वाचकाला कळतही नाही.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे सर्वांत व्यवहारी विवेचन वेदान्ताच्या ग्रंथात सापडत नाही, ते वैद्यकाच्या ग्रंथात सापडते, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. चुकीच्या गुरूचा परिणाम तिथे रुग्णाच्या मृत्यूच्या रूपाने लगेच दिसतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय वैद्य होऊ इच्छिणाऱ्याला पायरीपायरीने वाट दाखवतो, आणि त्या पायऱ्यांचा क्रम आजही थक्क करणारा आहे. पहिली पायरी गुरूची नव्हे. बुद्धिमान माणसाने हाती घेतलेल्या कामाचा जडपणा किंवा हलकेपणा, त्याचे फळ, त्यातून पुढे उद्भवणारे परिणाम, देश आणि काळ यांचा विचार करावा, आणि तरीही वैद्य व्हावेसे वाटले तर आधी शास्त्राची परीक्षा करावी, असे चरक सांगतो, कारण लोकात वैद्यांची नाना प्रकारची शास्त्रे प्रचलित आहेत. कोणते शास्त्र घ्यावे? जे विस्तृत आहे, ज्याचा नामवंत आणि धीर पुरुषांनी आश्रय केला आहे, ज्यात पुनरुक्तीचे दोष नाहीत, ज्याची रचना सुसंगत आहे आणि ज्यातील प्रकरणे एकमेकांत गुंतलेली नाहीत. या यादीतील पहिल्या दोन अटी एकमेकींना तोलून धरतात हे लक्षात घेण्यासारखे आहे. विषय इतका अरुंद नसावा की त्यात पुढे काही सापडणारच नाही, आणि इतका एकाकीही नसावा की त्यात गुंतलेली दुसरी शहाणी माणसेच नसावीत. पीएचडीचा विषय निवडताना ‘यावर अजून कोणीच काम केलेले नाही’ हे वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते; चरकाने त्या वाक्याकडे बहुधा संशयाने पाहिले असते.

शास्त्र निवडल्यावरच आचार्याची परीक्षा करावी असे संहिता सांगते, आणि त्या ठिकाणी दिलेली लक्षणांची यादी लांबलचक आहे. आचार्याचे अध्ययन निर्मळ असावे, त्याने कर्म, म्हणजे प्रत्यक्ष चिकित्सा, पुष्कळ पाहिलेली असावी, तो दक्ष, सरळ आणि शुचि असावा, त्याचा हात सरावलेला असावा, त्याच्याजवळ उपकरणे असावीत, त्याची सर्व इंद्रिये शाबूत असावीत, त्याला रुग्णाची प्रकृती ओळखता यावी आणि ऐन वेळी काय करावे हे सुचावे. एवढे व्यावसायिक गुण सांगून झाल्यावर यादी स्वभावाकडे वळते: तो अहंकारी नसावा, दुसऱ्याच्या गुणांवर दोष लादणारा नसावा, रागीट नसावा, कष्ट सोसणारा असावा, शिष्यावर माया करणारा असावा, शिकवणारा असावा आणि, अगदी शेवटी, दुसऱ्याला समजावून देण्यास समर्थ असावा. शिकवणे आणि समजावून देता येणे ही दोन लक्षणे वेगवेगळी नोंदवलेली आहेत. ज्याने कधी वर्गात बसून दोन प्रकारचे प्राध्यापक पाहिले आहेत, त्याला या दुहेरी नोंदीचे कारण सांगायला नको.

या यादीकडे वर सांगितलेल्या पेचाच्या अंगाने पाहिले तर तिची रचना अधिक अर्थपूर्ण वाटू लागते. आचार्याचे अध्ययन निर्मळ आहे की नाही हे नवख्याला कळणार नाही हे उघड आहे. प्रतिभा, विद्वत्ता, सिद्धान्तावरील पकड या गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्याच असतात. पण हात सरावलेला आहे का, साधने आहेत का, माणूस चिडतो का, सहकाऱ्याच्या यशाबद्दल तो काय बोलतो, कंटाळवाण्या कामात टिकतो का, त्याच्या शिष्यांना काही समजलेले आहे का, या गोष्टी पाहण्यासाठी शास्त्र यावे लागत नाही. लक्षणांपैकी बरीचशी अशी आहेत की अडाणी माणूसही थोडे दिवस आसपास राहिला तर त्याला ती तपासता येतील. ज्ञानाची परीक्षा शक्य नसेल तर ज्ञानी म्हणवणाऱ्याच्या आचरणाची करावी, ही पेचातून बाहेर पडण्याची वाट आहे, आणि ती चरकाने तत्त्वज्ञानाचा आव न आणता दाखवली आहे.

पाली वाङ्मयात हीच वाट अधिक उघडपणे आखलेली आढळते. मज्झिमनिकायातील ‘वीमंसक सुत्त’ हे जिज्ञासूने खुद्द तथागताची परीक्षा कशी करावी याविषयी आहे, आणि ती परीक्षा करण्यास सांगणारा स्वतः बुद्ध आहे. ज्याला दुसऱ्याचे मन वाचता येत नाही अशा भिक्षूने डोळ्यांनी दिसणाऱ्या आणि कानांनी ऐकू येणाऱ्या गोष्टींवरून शास्त्याची, म्हणजे शिकवणाऱ्याची, तपासणी करावी, त्याचे सद्गुण फार दिवसांचे आहेत की अलीकडचे ते पाहावे, असा त्याचा आशय आहे. पुढचा मुद्दा तर विद्यापीठीय जीवनाला तंतोतंत लागू पडणारा आहे: प्रसिद्धी मिळेपर्यंत काही दोष माणसात दिसतच नाहीत, म्हणून हा प्रसिद्ध झाल्यावर कसा वागतो हे पाहावे, असे ते सुत्त सांगते. बड्या नावाच्या मागे धावणाऱ्या उमेदवाराला यापेक्षा नेमका सल्ला देता येणार नाही, कारण त्या नावाच्या माणसाने नाव मिळवण्यापूर्वी घडवलेले विद्यार्थी आणि नंतर घडवलेले विद्यार्थी यांत अनेकदा फरक असतो. त्याच निकायातील ‘चंकी सुत्त’ कोसलातील ओपासाद या ब्राह्मणग्रामात घडते. तेथे कापटिक नावाचा सोळा वर्षांचा, तिन्ही वेदांत पारंगत असलेला मुलगा वडीलधाऱ्यांच्या संभाषणात मधेमधे बोलतो, बुद्धाकडून त्याबद्दल समज मिळवतो, आणि मग सत्य कसे प्राप्त होते असे विचारतो. त्याला मिळणाऱ्या उत्तरातील क्रम असा आहे: आधी शिकवणाऱ्याच्या ठायी लोभ, द्वेष आणि मोह आहेत का ते त्याच्या देहाच्या व वाणीच्या वर्तनावरून पाहावे, तो शुद्ध आढळला तर त्याच्यावर श्रद्धा ठेवावी, श्रद्धा ठेवल्यावर त्याच्याजवळ जावे, ऐकावे, ध्यानात ठेवावे, अर्थाची तपासणी करावी आणि पुढे प्रयत्न करावा. श्रद्धा येथे आहेच, पण ती पहिली नाही आणि शेवटचीही नाही. तिच्या आधी एक परीक्षा आहे आणि तिच्यानंतर दुसरी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो महाराष्ट्रात तर हमखास येईल: गुरूची परीक्षा हा विचारच गुरुभक्तीला मारक नाही का? गीतेच्या तेराव्या अध्यायातील आचार्योपासनेवर ज्ञानेश्वरांनी जो विस्तार केला आहे तो वाचणाऱ्याला आपल्या परंपरेत गुरूपुढे शिष्याने संपूर्ण विरघळून जावे अशीच अपेक्षा आहे असे वाटले तर तो वाचक चुकत नाही. पण त्याच गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे जे उपाय सांगितले आहेत त्यांत प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न, म्हणजे चौफेर प्रश्न विचारणे, ठेवलेला आहे, आणि पुढील काळाने दोन टोके उचलून मधला भाग खाली ठेवला ही परंपरेची चूक नव्हे, वारसदारांची आहे. दासबोधाच्या पाचव्या दशकात रामदासांनी गुरूची आणि शिष्याची लक्षणे वेगवेगळ्या समासांत दिली आहेत, आणि जे शिष्याकडून साधना करवून घेत नाहीत असे गुरू कवडीमोलाने मिळाले तरी सोडावेत, अशी त्यांची रोखठोक भूमिका आहे. भक्ती ही परीक्षेनंतरची अवस्था आहे असेच या सर्वांचे म्हणणे दिसते. परीक्षेची जागा भक्तीने घ्यावी असे म्हणणारे बहुधा गुरूपदावर स्वतः बसलेले असतात.

तथापि हा आक्षेप एवढ्याने संपत नाही, कारण अध्यात्मातील गुरू आणि संशोधनातील मार्गदर्शक यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो बहुतेक वेळा झाकला जातो. न्यायदर्शन शब्दाला, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या वचनाला, ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानते, आणि असे वचन बोलणाऱ्याला ‘आप्त’ म्हणते. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यात आप्ताचे लक्षण असे बांधले आहे की ज्याने वस्तू साक्षात पाहिली आहे आणि ती जशी पाहिली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असेही तो स्पष्ट करतो. म्हणजे आप्तत्व जातीवर, पदावर किंवा परंपरेवर ठरत नाही; ते पाहणे आणि प्रामाणिकपणे सांगणे या दोन गोष्टींवर ठरते. मोक्षशास्त्रातील गुरू या अर्थाने आप्त असतो, निदान तसा त्याचा दावा असतो: शिष्याला जिथे जायचे आहे तिथे तो जाऊन आलेला आहे. मुण्डकोपनिषद गुरू श्रोत्रिय, म्हणजे श्रुती जाणणारा, आणि ब्रह्मनिष्ठ, म्हणजे ब्रह्मात स्थिर झालेला, असावा असे म्हणते, त्याचे कारण हेच. संशोधनात मात्र शिष्याला ज्या निष्कर्षापर्यंत पोहोचायचे आहे तिथे मार्गदर्शक गेलेला नसतो. गेलेला असेल तर ते संशोधनच नव्हे, ती उजळणी होय. म्हणून निष्कर्षाच्या बाबतीत मार्गदर्शक आप्त होऊच शकत नाही. तो फक्त पद्धतीचा, पुराव्याच्या शिस्तीचा, कोणत्या वाटेने गेल्यास माणूस फसतो या अनुभवाचा आप्त असतो. शरणागती ही पोहोचलेल्यापुढे अर्थपूर्ण ठरते. जो स्वतः वाटेवर आहे त्याच्यापुढे ती अर्थपूर्ण ठरत नाही. पीएचडीच्या संदर्भात गुरुभक्तीची भाषा वापरणारे हा भेद विसरतात, आणि त्या विसरण्याचा लाभ नेहमी एकाच बाजूला मिळतो.

या भेदाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका नावाशी जोडलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, आणि तो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली. भारतात त्या काळी प्रचलित असलेली सुवर्ण विनिमय पद्धती, म्हणजे देशात रुपया चालवून परदेशी देणी भागवण्यापुरती त्याची सोन्याशी सांगड घालण्याची व्यवस्था, सदोष आहे असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते. कॅनन यांनी त्या प्रस्तावनेत आपण लेखकाचा या व्यवस्थेवरील रोष मान्य करत नाही आणि तिच्याविरुद्धचे त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत असे स्पष्टपणे लिहिले, आणि तरीही काही ठिकाणी त्याने नेमक्या जागी घाव घातला आहे, त्याच्या मांडणीत विचाराला चालना देणारा ताजेपणा आहे, असेही लिहिले. मार्गदर्शकाने स्वतःच्या नावाने, छापील पानावर, आपल्या विद्यार्थ्याशी असहमती नोंदवावी आणि तरीही त्या पुस्तकाच्या पाठीशी उभे राहावे, ही घटना मार्गदर्शनाच्या इतिहासात वाटते तितकी सामान्य नाही. ज्ञानाच्या प्रामाणिकपणाचा मान असा राखला जातो की विद्यार्थ्याचा निष्कर्ष मार्गदर्शकाच्या निष्कर्षाला मिळता नसला तरी विद्यार्थ्याची पद्धत मार्गदर्शकाच्या कसोटीला उतरली असली की पुरे.

त्याआधी कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांचे अर्थशास्त्रातील मार्गदर्शक एडविन सेलिग्मन होते. तिथल्या प्रबंधातून १९२५ साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील पुस्तक निघाले आणि त्यालाही सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. पण आपल्या विचारविश्वावर ज्याचे सर्वांत मोठे ऋण आहे म्हणून आंबेडकरांनी ज्या प्राध्यापकाचा उल्लेख केला तो जॉन ड्यूई, आणि ड्यूई त्यांच्या कोणत्याही प्रबंधाचे मार्गदर्शक नव्हते. आंबेडकर त्यांच्या वर्गांना बसत असत. ज्याच्या नावापुढे सही होते तो मार्गदर्शक आणि ज्याने विचार घडवला तो गुरू, ही दोन माणसे वेगळी असू शकतात, हे या उदाहरणात दिसते. उमेदवाराने एकाच माणसात सर्व काही शोधण्याचा हट्ट सोडला तर त्याची निवड सोपी होते, आणि निराशाही कमी होते.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे उदाहरण याहून कठीण आहे. बर्लिनमधील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत त्यांचे मार्गदर्शक युजेन फिशर होते. मानवी वंशांच्या उच्चनीचतेचा पुरस्कार करणाऱ्या तेथील शास्त्राचे ते एक प्रमुख नाव होते, आणि पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे ते रेक्टर झाले. कर्वे यांना मानवी कवटीतील असममितीचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंच्या मापांतील फरकाचा, विषय मिळाला होता, आणि असममितीचा वंशाशी संबंध असावा अशी त्यामागची अपेक्षा होती. मापे घेऊन झाल्यावर त्यांना असा संबंध आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तेच लिहिले. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. या प्रकरणातून फिशर यांच्या औदार्याविषयी फार काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की मार्गदर्शकाच्या सिद्धान्तापेक्षा मोजपट्टीवर अधिक निष्ठा ठेवणारा विद्यार्थी चुकीच्या मार्गदर्शकाच्या हाताखालीही खरे काम करू शकतो, जर संस्थेने मापे खोटी करण्याची सक्ती केली नाही तर. हा ‘जर’ फार मोठा आहे, आणि त्याच्यावर विसंबून कोणी मार्गदर्शक निवडू नये.

श्रेयाचा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो आधी कोणी उच्चारत नाही. गोव्यातून १८९९ मध्ये बुद्धधर्माच्या शोधात घराबाहेर पडलेले धर्मानंद कोसंबी सिलोनपर्यंत आचार्यांच्या शोधात हिंडले, पाली शिकले आणि पुढे ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलेले ते काम वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. तिथे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावर कोसंबींचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले, जरी पुढे ते त्याच कामासाठी पुन्हा हार्वर्डला गेले. ती आवृत्ती हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये १९५० मध्ये, म्हणजे कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, वॉरन यांची आवृत्ती म्हणून आणि कोसंबींनी सुधारलेली असे नमूद होऊन प्रसिद्ध झाली. लॅनमन हे काही कोसंबींचे पीएचडीचे मार्गदर्शक नव्हते. पण सत्ता एका बाजूला आणि श्रम दुसऱ्या बाजूला असले की मुखपृष्ठावरील नावाचा प्रश्न सर्वांत आधी ठरवून घ्यावा लागतो, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

या सर्व उदाहरणांच्या पार्श्वभूमीवर आजची व्यवस्था काय सांगते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. मार्गदर्शकाची नेमणूक विभाग सहसा रिक्त जागा, मार्गदर्शकाचे विशेष क्षेत्र आणि उमेदवाराने मुलाखतीत सांगितलेली आवड यांवरून करतो. या नियमांत उमेदवाराची परीक्षा आहे, तीही दुहेरी, लेखी आणि तोंडी. मार्गदर्शकाची परीक्षा मात्र त्याच्या पदापुरती आणि प्रकाशित लेखांच्या संख्येपुरती आहे. चरकाच्या अध्यायात आचार्याच्या परीक्षेनंतर शिष्याच्या योग्यतेची अटही येते; आधुनिक व्यवस्थेने फक्त दुसरा भाग पाळला. सुश्रुतसंहितेत उपनयनाच्या वेळी आचार्य शिष्याला नियम सांगतो, आणि त्याच वेळी स्वतःसाठीही बोलतो: तू नीट वागत असताना मी तुला वेगळी वागणूक दिली तर मी पापी ठरेन आणि माझी विद्या निष्फळ होईल. चरकाच्या शपथेतही शिष्याने गुरूची आज्ञा पाळावी असे आहे, पण राजद्रोहाचे, प्राणघातक, मोठ्या अधर्माचे किंवा अनर्थाचे काम त्यातून वगळलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकात आज्ञापालनाला लेखी अपवाद होते, आणि आजच्या प्रवेश अर्जावर ते नाहीत, ही तुलना आजच्या व्यवस्थेला शोभत नाही.

मग उमेदवाराने डोळ्यांनी आणि कानांनी काय पाहावे? प्रबंधांचे खुले भांडार असलेल्या ‘शोधगंगा’वर संभाव्य मार्गदर्शकाच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढून वाचावेत, आणि सर्वांत आधी ऋणनिर्देशाची पाने नव्हेत तर निष्कर्षाची पाने वाचावीत. एकाच मार्गदर्शकाच्या दोन विद्यार्थ्यांचे निष्कर्ष कुठेतरी परस्परांना छेद देत असतील तर ते चांगले लक्षण आहे. सर्व प्रबंध एकाच सुरात मार्गदर्शकाच्या जुन्या लेखाला दुजोरा देत असतील तर तिथे संशोधन होत नसून प्रतिध्वनी तयार होत आहे. विद्यार्थ्याच्या नावाने स्वतंत्र लेख निघाले आहेत का, कोणी मधेच सोडून गेले आहे का आणि गेले तर का, हे विद्यार्थ्यांशी बोलून कळते, मात्र बोलावे लागते ते विभागाच्या आवाराबाहेर. आणि एकदा तरी मार्गदर्शकाच्या प्रसिद्ध मताविरुद्धचा एखादा युक्तिवाद, नम्रपणे पण थेट, त्याच्यासमोर ठेवून पाहावा. चरकाने मैत्रीपूर्ण चर्चा, जिला तो संधाय संभाषा म्हणतो, कोणाशी करावी हे सांगताना न चिडणारा आणि असूया न बाळगणारा माणूस सांगितला आहे, आणि त्याच्याशी निर्धास्त बोलावे, निर्धास्त विचारावे, हरण्याची धास्ती घेऊ नये असे म्हटले आहे. अशा एका संवादाने जे कळते ते लांबलचक संशोधन-परिचयातून कळत नाही.

अर्थात हे सर्व सल्ले निवडीला वाव आहे असे गृहीत धरतात, आणि अनेक विद्यापीठांत तो नसतो. विषयात दोन मार्गदर्शक असतात, एकाच्या जागा भरलेल्या असतात, आणि घरात पहिल्यांदाच पदवीधर झालेल्या मुलीला किंवा मुलाला ‘मिळतो तो गाईड घ्या’ असे सांगितले जाते. ज्याच्या मागे ओळखी आहेत, पैसा आहे, दुसऱ्या शहरात जाण्याची सोय आहे, त्याला गुरूची परीक्षा परवडते. इतरांना ती परवडत नाही. श्रद्धेचा हा प्रश्न त्यामुळे केवळ व्यक्तीच्या विवेकाचा राहत नाही, तो व्यवस्थेने न्याय केला आहे की नाही असाही होतो.

त्यावर उपाय अवघड नाही आणि तो नियमांच्या चौकटीतही बसतो. पीएचडीच्या सुरुवातीला किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. मार्गदर्शकाची नेमणूक त्या अभ्यासक्रमाच्या आरंभी न करता शेवटी करावी, आणि तोपर्यंत प्रत्येक उमेदवाराला विभागातील निदान दोन-तीन शिक्षकांबरोबर काम करू द्यावे. नेमणुकीच्या वेळी विद्यार्थ्याची पसंती लेखी घ्यावी, प्रकाशनाच्या श्रेयाचा करार त्याच दिवशी लिहावा, आणि मार्गदर्शक बदलण्याची तरतूद असेल तर ती मागणाऱ्यावर कलंक ठेवू नये. ज्या विभागांना हे करता येणे शक्य आहे, त्यांनी ते पुढच्या प्रवेशापासून करावे.